पुढची गाडी

स्पोर्ट्स कार घेणाऱ्या माणसांचा मला राग आहे. मी स्वतः एक घेतलेली आहे, त्यामुळे हा राग घरबसल्या आलेला नाही, पदरमोड करून मिळवलेला आहे.

मी कर्जतमध्ये घरांचे नकाशे काढतो. मुंबई-पुण्याच्या लोकांना शनिवार-रविवारपुरती लागतात ती घरं. पोहायचा तलाव कुठे येणार हे आधी ठरतं, स्वयंपाकघर उरलेल्या जागेत. त्या घरांच्या दारात उभ्या असलेल्या गाड्या बघून बघून माझं डोकं फिरलं, असं बायकोचं म्हणणं आहे. तिचं चुकत नाही. एके दिवशी मी गेलो आणि तसलीच एक घेऊन आलो. दोन दारं, बसलं की बूड जमिनीला टेकल्यासारखं वाटतं, आणि मागच्या सीटवर कुणी बसू शकत नाही. आमच्या आईला तिच्यातून बाहेर काढायला दोघं लागले होते. ती पुन्हा बसली नाही.

माझी होती ती त्या मॉडेलमधली सगळ्यात साधी. तिला बेस म्हणतात. कंपनी म्हणत नाही, मालक म्हणतात. तिच्या वरची ती परफॉर्मन्स. नाव तेच, आकार तोच, लांबून बघणाऱ्याला काही फरक कळत नाही. पण परफॉर्मन्सचं इंजिन मोठं, मागे सायलेन्सरची तोंडं चार, चाकांच्या आत पिवळे ब्रेक, आणि पुढे बंपरच्या खाली कार्बनची पातळ पट्टी, रस्त्यापासून इतकी कमी उंचीवर की खालून मांजर गेलं तर पाठ खरवडेल. माझ्या गाडीला तिथे काळी प्लास्टिकची पट्टी होती आणि ती थोडी उंच होती. एवढाच फरक. या एवढ्याशा फरकावर मोठमोठ्या कंपन्या चालवणारी माणसं एकमेकांशी कशी वागतात, ते मी वर्षभर जवळून बघितलं.

मला त्यांच्यात नेलं माझ्या मित्रानं. हा कळंबचा. घरची भातशेती, आता तिच्यातल्या अर्ध्या जमिनीवर त्याचं रिसॉर्ट आहे आणि उरलेल्या अर्ध्यावर अजून भात लावतो. शाळेत आम्ही एका बाकावर. पुढे कॉलेजात असताना दोघांनी मिळून एक जुनी मोटारसायकल घेतली होती, एक आठवडा त्याची, एक आठवडा माझी. पेट्रोल कुणी टाकायचं यावरून आम्ही भांडलो असू, पण गाडी कुणाची यावरून कधी नाही. त्यानं माझ्या आधी स्पोर्ट्स कार घेतली आणि घेतली ती थेट परफॉर्मन्स, निळी. मी बेस घेतली तेव्हा त्यानं गाडीला प्रदक्षिणा घातली, मागची दोन तोंडं बघितली आणि म्हणाला, "झकास हाय रं. ये रविवारी. आमच्या ग्रुपमध्ये टाकतो तुला."

ग्रुप दर रविवारी सकाळी खालापूरला जुन्या हायवेवरच्या एका मिसळीच्या हॉटेलात जमायचा. तिथून चौक गावावरून कर्जत, कर्जतहून कशेळे, मग कळंब, पोशीर, नेरळ आणि परत कर्जत. एकामागे एक, ओळीनं. हॉटेलच्या पुढे पत्र्याची शेड होती, तिच्या सावलीत परफॉर्मन्स गाड्या लागायच्या. मी पहिल्या दिवशी तिथे लावायला गेलो तर एकानं हसत हसत हातानं दाखवलं, पलीकडे, टेंपो उभे होते तिकडे. "तुमच्या गाडीला ऊन चालतं," म्हणाला. बाकीचे हसले. मीही हसलो. नवीन माणूस हसतो.

मग कळलं की हे हसणं संपणारं नाही. माझी गाडी सुरू केली की कुणीतरी कानाला हात लावून विचारायचं, "झाली का सुरू?" कुणी विचारायचं, डिझेल किती पडतं. लाल गाडीवाला म्हणून एक होता, बांद्र्याचा, ग्रुप त्याच्या तालावर चालायचा. तो माझ्याशी फार अदबीनं बोलायचा, आणि मला त्याचाच सगळ्यात जास्त राग यायचा. "पहिली गाडी म्हणून बेस उत्तम," असं तो मला माझ्या पन्नाशीच्या तोंडावर सांगायचा. त्यांचं आपसातही काही गोड नव्हतं. याची पट्टी खरी कार्बनची की नुसता कागद चिकटवलाय, त्याचं मॉडेल मागच्या वर्षीचं, अमक्यानं सेकंडहँड घेऊन नवी म्हणून सांगितली. एकजण चहा आणायला उठला की उरलेले त्याच्या गाडीवर तुटून पडायचे. तो परत आला की पाठीवर थाप.

तरी मी जात राहिलो, आणि त्याला कारणं होती. एकदा कशेळ्याच्या अलीकडे माझा टायर फाटला. या गाड्यांना जादा चाक नसतं. गाडी उचलून न्यायला दुसरी गाडी यायला दुपार झाली, आणि तोपर्यंत एकही जण हलला नाही. सगळ्यांनी गाड्या कडेला लावल्या, कशेळ्याच्या बाजारातून वडापाव आणले, काकड्या आणल्या, झाडाखाली बसून खाल्ल्या. लाल गाडीवाल्यानं स्वतः गुडघ्यावर बसून माझं चाक तपासलं, पांढरी पँट मातीत घालून. त्या दिवशी मला ही माणसं आवडली होती. नाकारत नाही.

आणि दुसरं कारण म्हणजे मी सगळ्यांच्या पुढे असायचो.

हे पहिल्याच रविवारी ठरलं. लाल गाडीवाला म्हणाला, "साहेब, तुम्ही पुढे. रस्ते तुमचे, आम्ही पाहुणे." प्रत्येकाकडे वॉकीटॉकी असायचा, मलाही एक दिला. माझं काम असं की पुढे कुठे खड्डा, कुठे म्हशी, कुठे रस्त्यावर पेंढा पसरलाय ते सांगायचं. आणि स्पीडब्रेकर. आमच्याकडचे स्पीडब्रेकर सरकारी मापाचे नसतात, गावाला राग आला की गाव घालतं, आणि रागाएवढा उंच घालतं. तिथे मी गाडी तिरकी घालून एकेक चाक चढवायचो, मग उतरून वाकून किती फट राहिली ते बघायचो, आणि वॉकीटॉकीवर सांगायचो, "क्लिअर. तिरकी घ्या, डावीकडून." मग ते एकेक करून यायचे आणि मी हातानं दिशा दाखवायचो.

मला हे फार आवडलं. सांगायला लाज वाटते इतकं आवडलं. कर्जतला चार फाट्यावर माझं ऑफिस आहे, तिथून ओळ जायची तेव्हा पानवाला, झेरॉक्सवाला, माझ्याकडून नकाशा करून घेऊन पैसे बुडवलेले दोन बिल्डर, सगळे बघायचे. पहिली गाडी माझी. मागे चार-चार तोंडांच्या गाड्या गुरगुरत माझ्या वेगानं यायच्या. बेस म्हणा नाहीतर काही म्हणा, माझ्यापुढे कुणी जात नव्हतं. हळूहळू मी शनिवारी संध्याकाळी स्कूटरवरून सगळा रस्ता बघून यायला लागलो, कुठे नवा ब्रेकर पडलाय का म्हणून. बायको म्हणाली, "पगार देतात का रे?" मी तिला सांगितलं की तुला नाही कळायचं. मित्राशी एकदा बोललो, की बघ, बेस असूनही त्यांनी मलाच पुढे ठेवलं. तो म्हणाला, "तुझा मान हाय तो." आणि विषय बदलला.

दिवाळी होऊन गेल्यावरच्या एका रविवारी खालापूरला माझा वॉकीटॉकी सुरूच होईना. लाल गाडीवाल्यानं आपल्या गाडीतला जादाचा काढून दिला. त्याच्यावर बटण फिरवून चॅनेल लावायचं असतं, ते कुणी बघितलं नाही, मीही नाही. आम्ही निघालो. चौक सोडल्यावर पहिला ब्रेकर आला, मी तो हळूच पार केला, आणि उतरायच्या आत तो डबा माझ्या मांडीवर बोलायला लागला. पण माझ्याशी नव्हे. त्यांचा आपसातला वेगळा चॅनेल होता, मला माहीत नसलेला.

"बेस गेली का?"

"गेली. घासली नाही."

"मग पाच मिनिटं थांबू, वाकून बघू दे त्याला."

मग एक हसणं. मग लाल गाडीवाल्याचा तो अदबीचा आवाज, तसाच शांत, "त्याची पट्टी तुटली तरी रिक्षाच्या भावात मिळते. माझी तुटली तर जर्मनीहून यायची. असा माणूस प्रत्येक ग्रुपला हवा."

कुणीतरी विचारलं, त्याला कधी कळणार? आणि मग माझा मित्र बोलला. त्याचा आवाज मी झोपेतसुद्धा ओळखेन.

"त्याला काय बोलू नका रं कोन. पुढं हाय तर खूश हाय तो."

मी बटण फिरवून माझा नेहमीचा चॅनेल लावला. उतरलो, वाकलो, फट बघितली आणि म्हणालो, "क्लिअर." ते आले, मी हातानं दिशा दाखवली. त्या दिवशी नेरळपर्यंतचा प्रत्येक ब्रेकर मी तसाच पार करून दिला. मला तिथल्या तिथे भांडता आलं असतं, पण रागानं माझा आवाज फाटतो, आणि वॉकीटॉकीवर फाटका आवाज काढून मला त्यांची आणखी करमणूक करायची नव्हती. घरी आलो आणि गाडीच्या दारावर अशी लाथ मारली की अंगठा सुजला. दाराला काही झालं नाही.

आठवडाभर माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. बांद्र्याच्या माणसाचा राग तर होताच, पण तो परका. आपल्याला वापरायला येतात ही माणसं, हे मला घरांचे नकाशे काढताना रोज कळत होतं. पण ज्याच्याबरोबर मी एका मोटारसायकलवर वाढलो तो त्यांच्या चॅनेलवर बसून ऐकत होता, वर्षभर. दर रविवारी मी वाकून फट बघत होतो आणि तो निळ्या गाडीत बसून मी वाकल्याचं बघत होता. मित्राचा फोन आला, मी उचलला नाही.

पुढच्या रविवारी मी वेळेवर खालापूरला हजर. मिसळ खाल्ली. टेंपोंच्या बाजूला लावलेली गाडी काढली आणि पुढे झालो. कर्जत, कशेळे, कळंब, सगळं नेहमीसारखं. शनिवारी मी रस्ता बघून आलोच होतो. पोशीरला शेतं कापून झाली होती आणि गावाच्या तोंडाशी एक नवा ब्रेकर पडला होता. पांढरे पट्टे नाहीत, उतार नाही, सरळ भिंत आडवी झोपवल्यासारखा.

मी तो तिरका घेऊन ओलांडला. माझी गाडी खाली थोडी घासली, फार नाही. पलीकडे कडेला लावली आणि उतरलो. वाकलो नाही. वॉकीटॉकी तोंडाशी धरून म्हणालो, "आजपासून पुढे तुम्ही. माझ्या पट्टीला रिक्षाचा भाव आहे, तुमची बघू कितीची आहे ती."

ओळ थांबलेली. मग एकेक दार उघडलं, एकेक जण उतरला. लाल गाडीवाला ब्रेकरपर्यंत चालत आला, बुटानं त्याची उंची बघितली. "साहेब, गैरसमज झालाय," म्हणाला. मी म्हणालो, गैरसमज वर्षभर होता, तो गेल्या रविवारी गेला. माझा आवाज फाटलाच. फाटू दिला.

आता गंमत अशी की पुढे कोण जाणार हे ठरेना. लाल गाडीवाला एकाला म्हणाला तुझी जरा उंच आहे, तू जा. तो म्हणाला माझी उंच कशावरून, तुझीच मागच्या वर्षीची आहे. तिसऱ्यानं चौथ्याची पट्टी खोटी आहे असं तोंडावर सांगितलं, मग तुटली तर काय बिघडतं. चौथ्यानं त्याच्या आईचा उल्लेख केला. मागे कळंबकडून आलेली एसटी उभी राहिली, तिच्या मागे वडाप जीप, तिच्या मागे पेंढ्यानं भरलेला टेंपो, आणि सगळे हॉर्न वाजवत होते. वर्षभर ज्यांनी एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या ते भर रस्त्यात एकमेकांना तू जा, तू जा करत होते. कडेला एक म्हातारा कमरेवर हात ठेवून बघत होता. त्यानं मला विचारलं, "का, जात नाय का यांच्या गाड्या?" मी म्हणालो, नाही जात. "नाय जायाच्या," तो समाधानानं म्हणाला. "तुमच्यासाठीच घातलाय त्यो. रविवारी पोरं रस्ता वलांडू शकत नाय."

तेवढ्यात लाल गाडीवाला माझ्या मित्राकडे वळला. अदब वगैरे काही नाही. "तू लोकल आहेस ना? तू जा पुढे."

माझा मित्र त्याच्याकडे बघत राहिला. त्याची गाडी परफॉर्मन्स होती, पट्टी खऱ्या कार्बनची होती, रिसॉर्टवर त्यानं या सगळ्यांना कितीदा फुकट जेवू घातलं होतं. आपण त्यांच्यातले आहोत अशी त्याची समजूत होती, माझ्यापेक्षा पक्की. ती कशी उतरली ते मी त्याच्या चेहऱ्यावर बघितलं. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. तो गाडीत बसला, गाडी ब्रेकरपाशी आणली आणि काचेतून पुन्हा माझ्याकडे बघितलं. किती तिरकी घ्यायची, कुठलं चाक आधी, हे मी नेहमी हातानं दाखवायचो. मी हाताची घडी घातली.

त्यानं सरळ घातली. आवाज असा झाला की एसटीचा हॉर्न थांबला. पुढची पट्टी मधोमध मोडली आणि अर्धी गाडीखाली जाऊन अडकली. "नाही जात," मागून कुणीतरी म्हणालं, आणि लगेच सगळे आपापल्या गाडीत बसून मागे घ्यायला लागले. एसटीला मागे सरकवून, टेंपोवाल्याला हातवारे करून, ते आल्या रस्त्यानं कळंबकडे निघून गेले. ज्या दिवशी माझा टायर फाटला होता त्या दिवशी सगळे थांबले होते. या दिवशी एकही थांबला नाही.

मित्र खाली बसून पट्टी ओढून काढत होता. मी मदत केली नाही. तो वर न बघता बोलला. "तुला घेत नवते ते. बेस नको बोल्ले, ग्रुपची इज्जत जाते. मी बोल्लो त्याला पुढं ठेवा, रस्ता ठाव हाय त्याला, तुमच्या गाड्या वाचतील. तवा घेतला तुला."

"मग सांगायचंस मला."

"सांगनार होतो. पहिल्या रविवारी चार फाट्यावर तुझं तोंड बघितलं मी, तुझ्या आरशात दिसत होतं. मग नाय सांगता आलं." पट्टी निघाली. ती हातात घेऊन तो उभा राहिला. "हात दाखवला असतास तर काय बिघडलं असतं रं तुझं?"

मी म्हणालो, "माझ्यावर उपकार केलेस ते पुन्हा करू नकोस." तो गाडीत बसला आणि गेला. ते ऐकून माझं मन विरघळायला हवं होतं, असं बायको नंतर म्हणाली. नाही विरघळलं. माझ्या तोंडावरचा आनंद त्याला दिसला होता, आणि त्या आनंदाची त्याला दया आली होती. शिव्या दिल्या असत्या तर मी त्याला कधीतरी माफ केलं असतं.

संध्याकाळी मला ग्रुपमधून काढलं. त्याला काढलं नाही.

त्यानंतरच्या एका रविवारी मी ऑफिसात काम करत बसलो होतो. खालच्या रस्त्यावरून गाड्यांचा तो आवाज आला आणि मी उठून गॅलरीत गेलो. जायला नको होतं. ओळ येत होती, आणि सगळ्यात पुढे निळी गाडी. बंपरखालची पट्टी मित्रानं पुन्हा लावून घेतली नव्हती. तुटायला काही उरलंच नव्हतं, त्यामुळे आता ती कुठूनही जाऊ शकत होती. आमच्या बिल्डिंगसमोरचा ब्रेकर तिनं ओलांडला, थांबली, माझा मित्र उतरला, वाकला, खाली बघितलं. मग ताठ उभा राहिला आणि हात वर करून मागच्यांना म्हणाला, या. लाल गाडी तिरकी होऊन आली. तो तिला हातानं दाखवत होता, डावीकडे, आणखी डावीकडे, बस. पानवाला बघत होता, झेरॉक्सवाला बघत होता. मित्राचा चेहरा मला वरून स्वच्छ दिसला. तो खूश होता.

त्याला सगळं माहीत होतं, आणि तरी तो खूश होता. मला त्याची कीव यायला हवी होती, निदान हसू तरी. मी गॅलरीचा कठडा धरून उभा होतो आणि माझ्या मनात एकच गोष्ट होती. ती जागा माझी होती.